अक्षर पुसावं, रंग राहावा

रेल्वेचं फाटक बंद होतं, समोरून मालगाडी जाऊ लागते आणि आपण नकळत डबे मोजायला लागतो. बरोबर लहान मूल असेल तर मोठ्यानं, नसेल तर मनातल्या मनात. पण त्या डब्यांवर काय लिहिलंय ते आपण क्वचितच वाचतो. पुढच्या वेळी जरूर वाचा. आपल्याकडे मालगाडीच्या प्रत्येक वाघिणीवर अकरा आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन तिची मालक रेल्वे कोणती ते, त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष. मग चार आकडे तिच्या अनुक्रमाचे आणि शेवटचा एक पडताळणीचा. थोडक्यात, एवढ्या मोठ्या देशात त्या क्रमांकाची वाघीण ती एकच.

हे मला माझ्या नातीमुळे कळलं. आणि एकच क्रमांक दोन डब्यांवर आला तर काय घोटाळा होतो, तेही तिच्यामुळेच.

माझा मुलगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात राहतो. निवृत्तीनंतर, २००६ साली, मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो. घराच्या तळघरात त्यानं रेल्वे उभी केली होती. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना अशा रेल्वेची कल्पना येईल. रूळ, सांधे, बोगदे, स्टेशन, सिग्नल, सगळं खऱ्यासारखं, फक्त सत्याऐंशी पटीनं लहान. या मापाला एचओ म्हणतात. पन्नास फुटी डबा या मापात साधारण साडेसतरा सेंटिमीटरचा होतो आणि त्यावरचा नऊ इंची आकडा अडीच मिलिमीटरचा.

नात तेव्हा नऊ वर्षांची होती. साठवलेल्या पैशांतून तिनं स्वतःसाठी एक डबा आणला. कोळसा वाहणारा तपकिरी हॉपर, त्यावर कॉनरेल या कंपनीची पांढरी अक्षरं. मोठ्या ऐटीत तिनं तो बापाच्या गाडीला जोडला. गाडी एक फेरी मारून आली आणि ही म्हणाली, "आजोबा, या दोन डब्यांचा नंबर एकच कसा?"

खरंच होतं. मुलाकडे त्याच कंपनीचा तोच डबा आधीपासून होता. खेळण्यांचा कारखाना हजारो डबे एका साच्यातून काढतो आणि पुष्कळदा सगळ्यांवर एकच क्रमांक छापतो. विकत घेणाऱ्याला एक डबा हवा असतो तोवर ठीक. पण वीस डब्यांची कोळशाची गाडी करायची, तर वीस जुळी भावंडं एका रांगेत उभी राहतात. अमेरिकेत प्रत्येक डब्यावर मालकाची खूण म्हणून दोन ते चार अक्षरं आणि त्यापुढे क्रमांक असतो. अक्षरांच्या शेवटी एक्स असेल तर डबा रेल्वे कंपनीचा नाही, दुसऱ्या कुणा मालकाचा. खूण आणि क्रमांक मिळून डब्याची ओळख ठरते. तेव्हा नातीचा आक्षेप रेल्वेच्या कायद्यानंही बरोबर होता.

मी म्हटलं, "त्यात काय? एक आकडा पुसू आणि दुसरा घालू."

हे मी बोललो त्याला कारण होतं. माझी चौतीस वर्षं रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. रंग कशानं चढतो आणि कशानं उतरतो, हेच माझं पोटापाण्याचं शास्त्र. सूनबाईच्या कपाटातून नेलपॉलिश काढायचं द्रावण आणलं. त्यात ॲसिटोन असतं, आणि ॲसिटोनशी माझी जुनी ओळख. कापसाचा बोळा भिजवला आणि आकड्यावरून फिरवला.

पांढरा आकडा एका श्वासात गेला. दुसऱ्या श्वासात खालचा तपकिरी रंग गेला. तिसऱ्या श्वासात डब्याची भिंतच मऊ पडली, बारीक रिव्हेट विरघळले आणि डबा ज्या अंगठ्यानं धरला होता त्याचा ठसा त्यावर कायमचा उमटला. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर मी खऱ्या अर्थानं अंगठाबहाद्दर ठरलो.

नात रडली नाही. "तो माझा होता," एवढंच म्हणाली आणि डबा स्वतःच खोक्यात ठेवून आली. त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक हाताची नव्हती, विचाराची होती. जन्मभर मी पोलादावरचे रंग केले. पोलादी पत्र्यावर काहीही ओता, रंग उतरेल, पत्रा जागेवर राहील. त्यामुळे वरचा थर काढताना खाली काय आहे असं विचारायची सवयच मला लागली नाही. हा डबा पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचा होता आणि पॉलिस्टायरीन ॲसिटोनमध्ये विरघळतं. पुस्तकात हे मी शिकलो होतो. हाताला ते माहीत नव्हतं.

मुलानं दुसरा डबा मागवला. तो आला आणि खोकं उघडून बघतो तर, अर्थातच, तोच क्रमांक. म्हणजे काम पुन्हा माझ्यापुढे हजर. या वेळी नातीनं एक अट घातली. "आजोबा, आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघा." माझ्या प्रयोगशाळेत नव्या मुलांना मी हेच सांगत असे.

मग मी नीट अभ्यासाला बसलो. पहिला प्रश्न, ही अक्षरं डब्यावर येतात कशी? धातूच्या पाटीवर अक्षरं कोरलेली असतात. त्या खाचांत शाई भरतात, पात्यानं वरची शाई निपटून घेतात. मग सिलिकोनचा मऊ घुमट त्यावर दाबतात. घुमट शाई उचलतो आणि डब्यावर टेकवतो. घुमट मऊ असल्यामुळे डब्याच्या पट्ट्या, कडा, रिव्हेट यांच्यावरूनही अक्षर न तुटता उतरतं. याला टॅम्पो किंवा पॅड प्रिंटिंग म्हणतात. घड्याळाच्या तबकडीवरचे आकडे, पेनवरची नावं पुष्कळदा अशीच छापलेली असतात. या शाईचा थर काही मायक्रॉनचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. खालचा फवारलेला रंग त्याच्या कितीतरी पट जाड.

दुसरा प्रश्न, रंग वाळतो म्हणजे काय होतं? इथे घरातलीच दोन उदाहरणं घेऊ. नेलपॉलिश वाळतं म्हणजे त्यातलं द्रावण उडून जातं, बाकी काही बदलत नाही. म्हणून महिन्यानंतरही तेच द्रावण लावलं की ते पुन्हा विरघळतं. दाराच्या ऑइलपेंटचं तसं नाही. तो हवेतला प्राणवायू घेऊन रासायनिकदृष्ट्या बदलतो. ओला असताना टर्पेंटाइननं हाताचा डाग जातो, पण वर्षभर वाळलेल्या दारावर टर्पेंटाइन चोळून रंग उतरत नाही. खेळण्यातल्या डब्यावर अडचण अशी की वरची शाई आणि खालचा रंग, दोन्ही पहिल्या जातीचे असू शकतात. एकाला मऊ करणारा द्राव दुसऱ्यालाही मऊ करणार. मग वरचं काढून खालचं राखायचं कसं?

उत्तर जाडीत आहे आणि वेळेत आहे. पातळ थर आधी भिजतो, जाड थर नंतर. या दोहोंच्या मध्ये जी काही मिनिटं मिळतात, तेवढ्यात काम उरकायचं आणि थांबायचं. आयसोप्रोपिल अल्कोहोल हे याचं उत्तम उदाहरण. जखम पुसायला किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तू साफ करायला ते वापरतात. मॉडेलवाले त्यानं मिनिटा-दोन मिनिटांत अक्षरं काढतात, आणि तेच मॉडेलवाले संपूर्ण डब्याचा रंग उतरवायचा असेल तर डबा त्याच अल्कोहोलमध्ये काही तास बुडवून ठेवतात. द्राव तोच, फरक घड्याळाचा.

आता प्रत्यक्ष कृती. मी ती मुलाच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांकडून शिकलो, माझी भर फार थोडी आहे.

सर्वात आधी डबा आतून बघायचा. आतलं आणि बाहेरचं प्लास्टिक एकाच रंगाचं असेल, तर बहुधा डबा रंगवलेलाच नाही, प्लास्टिकच त्या रंगाचं आहे. स्वस्तातल्या जुन्या डब्यांत हे पुष्कळदा दिसतं. मग खालच्या रंगाची भीती नाही, पण चोळलेल्या जागी चकाकी येण्याची भीती आहे. आतला रंग वेगळा असेल तर डबा रंगवलेला आहे असं धरून चालायचं.

मग चाकं काढून डबा कोमट पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचा थेंब टाकून धुवायचा आणि पूर्ण वाळवायचा. बोटांचं तेल लागलेलं असेल तर द्राव एका जागी लागतो, दुसऱ्या जागी लागत नाही.

त्यानंतर चाचणी. ती डब्याच्या बुडाला घेऊ नये, कारण बुडाचा रंग अनेकदा वेगळा असतो. बाजूच्या खालच्या कोपऱ्यात डब्याचं वजन, क्षमता वगैरे बारीक मजकूर असतो. त्यातलं शिडीआडचं, सहज न दिसणारं एखादं अक्षर निवडायचं. तिथे जे होईल तेच पुढे मोठ्या अक्षराचं होईल.

द्राव निवडताना सौम्यापासून सुरुवात. काही शाया तर नुसत्या पेन्सिलीच्या खोडरबरानं जातात. नाही गेल्या तर डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची अक्षरं, बसवण्यासाठी जो द्राव मिळतो तो वापरायचा. अमेरिकेतल्या मॉडेलवाल्यांच्या तोंडी सॉल्व्हासेट आणि मायक्रो सोल ही नावं असतात. त्यानंही भागलं नाही तर सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि अगदीच गरज पडली तर त्याहून तीव्र. ॲसिटोन आणि रंगाचा थिनर यांना खोलीतसुद्धा आणू नये. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी, हातात मोजे आणि जवळपास उदबत्तीसुद्धा नको.

काढायचा आकडा असेल तेवढाच टिश्यू पेपरचा कपटा कापायचा. तो द्रावात भिजवून चिमट्यानं आकड्यावर ठेवायचा. एक-दोन मिनिटांनी उचलायचा. मग कान साफ करायची कापूसकाडी किंचित ओली करून आकड्यावरून फिरवायची. घासायची नाही, लाटणं फिरवतो तशी हलकी गोल फिरवायची. दिशा वरून खाली, म्हणजे एखादी रेघ उमटलीच तर पावसाच्या ओघळासारखी दिसते. प्रत्येक वेळी कापूस बदलायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डब्याकडे नाही, कापसाकडे बघायचं. कापूस पांढरा झाला तर शाई निघते आहे, चालू द्या. कापसावर तपकिरी छटा दिसली की हात उचला, पाण्यानं धुवा, दिवसभर डब्याकडे बघू नका. मऊ झालेला रंग वाळून पुन्हा घट्ट होतो, पण त्याला तेवढी सवड द्यावी लागते. बहुतेक डबे बिघडतात ते "आता एवढंसंच राहिलंय" असं म्हणून मारलेल्या शेवटच्या हातानं. उंचवट्यांवर, म्हणजे रिव्हेटांच्या आणि पट्ट्यांच्या डोक्यावर, रंग सर्वात पातळ असतो, तो सर्वात आधी जातो. तिथे कापूस नेऊच नये. टूथपिकचं टोक चपटं कापून ते ओलं करावं आणि रिव्हेटभोवतीची शाई अलगद टोकरावी. दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरणारेही आहेत. मी तो उपाय शेवटचा मानतो, कारण कागदाला शाई आणि रंग यातला फरक कळत नाही.

ओला असताना डबा अगदी स्वच्छ दिसतो. वाळला की अक्षराची पुसट सावली परत येते. इंग्रजीत तिला भूत म्हणतात. कधी शाईचा अंश मुरलेला असतो, कधी घासलेल्या जागेची चकाकी वेगळी पडते, तर कधी शाईखाली झाकलेला रंग आजूबाजूच्या रंगापेक्षा कमी विटलेला असतो. चकाकीचा फरक असेल तर सगळ्या डब्यावर बिनचकाकीचा पारदर्शक थर फवारला की तो मिटतो. बाकीचं खडूची पूड लावून धूळ-काजळीचा रंग आणला की झाकलं जातं. नवे डिकॅल लावायचे असतील तर आधी त्या जागी चकचकीत पारदर्शक थर द्यावा. खरखरीत रंगावर डिकॅलच्या पडद्याखाली हवा अडकते आणि कडेनं रुपेरी चमक दिसते. डिकॅल वाळल्यावर वरून बिनचकाकीचा थर.

नातीच्या डब्याला मात्र डिकॅल लागलाच नाही. क्रमांकाचा शेवटचा आकडा इंग्रजी आठ होता. आम्ही चाचणी घेतली, सॉल्व्हासेट लागू पडलं. मी टिश्यूचे तिळाएवढे दोन कपटे कापले. नात भिंग धरून बसली आणि कापसाकडे बघायचं काम तिचं. "पांढरा... पांढरा... पांढरा..." असं ती सांगत होती आणि मी आठाची डावीकडची दोन वळणं टूथपिकनं काढत होतो. मग ती एकदम म्हणाली, "थांबा." कापसावर तपकिरी होतं का, मला दिसलं नाही. पण मी थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठाचा तीन झाला होता. डावीकडे अगदी जवळून पाहिलं तर गेलेल्या वळणांची सावली दिसत होती. मी म्हटलं, अजून एक हात मारू का? ती नको म्हणाली.

ती का नको म्हणाली ते मला महिनाभरानं कळलं. मुलानं आम्हाला अल्टूनाजवळच्या हॉर्सशू कर्व्हला नेलं. डोंगर चढताना रूळ तिथे घोड्याच्या नालासारखे वळतात. १८५४ सालापासून ते वळण वापरात आहे. लोक कठड्याशी बसून गाड्या बघतात. एक कोळशाची मालगाडी आली आणि नात बोट दाखवू लागली. काही तपकिरी हॉपरवर जुनी खूण रंगाच्या चौकोनी ठिगळानं झाकून त्यावर नवी अक्षरं लिहिली होती, पी.आर.आर. आणि ठिगळाच्या कडेनं जुन्या अक्षरांचे तुकडे डोकावत होते.

त्या ठिगळाची कथा मोठी मौजेची आहे. पी.आर.आर. म्हणजे पेनसिल्व्हेनिया रेलरोड. ही कंपनी आणि न्यूयॉर्क सेंट्रल १९६८ साली एकत्र होऊन पेन सेंट्रल झाली. पेन सेंट्रलनं १९७० साली दिवाळं काढलं. ती आणि ईशान्येतल्या इतर बुडीत रेल्वे मिळून १९७६ साली सरकारच्या पुढाकारानं कॉनरेल उभी राहिली. १९९९ साली कॉनरेलचेही दोन वाटे झाले. नॉरफोक सदर्नच्या वाट्याला आलेल्या डब्यांना पी.आर.आर. ही खूण मिळाली आणि सीएसएक्सच्या वाट्याला आलेल्यांना एन.वाय.सी., म्हणजे न्यूयॉर्क सेंट्रलची. एकतीस वर्षांपूर्वी पुसलेली दोन्ही नावं पुन्हा डब्यांवर आली. आणि एवढा मोठा कारभार बदलला तरी कोणी डबे खरवडून कोरे केले नाहीत. जेवढं बदलायला हवं तेवढ्यावरच ठिगळ मारलं. बाकीचा रंग होता तसा चालत राहिला, कारण गंजापासून पत्रा राखायचं काम तो करतच होता.

मी पुण्याला परत आलो, नात मोठी झाली, शिकून नोकरीला लागली. मागे तिकडे गेलो तेव्हा तळघरात डोकावलो. तीनचा हॉपर गाडीत होता. आणि बाजूच्या आडरुळावर, दुरुस्तीला काढलेल्या डब्यांच्या जागी, माझ्या अंगठ्याच्या ठशाचा हॉपर उभा होता. कोणीतरी त्याला गंजाचा रंग दिला होता, ठसा मात्र झाकला नव्हता. मी विचारलं, हा अजून ठेवलास? ती म्हणाली, "आजोबा, त्याचा नंबर गेलाय, पण आता तोच एक डबा असा आहे की दुसऱ्या कुणाशी गोंधळ होणार नाही."

माझ्या पुण्याच्या टेबलावर हल्ली दोन-चार डबे असतात. ओळखीची मुलं पुसायला आणून देतात. प्रत्येकाला मी आधी एकच विचारतो, वरचं काय काढायचं ते सांगितलंस, खाली काय आहे ते बघितलंस का?